आधी अंगणवाडी उघडा

पूर ओसरला की गावात पंचनामे सुरू होतात. घरं मोजली जातात, जनावरं मोजली जातात, किती गुंठ्यांतला ऊस कुजला ते लिहिलं जातं. रस्ता, पूल, वीज, नळपाणी यांची यादी तयार होते. शाळेचं नाव त्यात येतं. अंगणवाडी मात्र बहुतेक वेळा समाजमंदिराच्या शेजारी, शेवटच्या रकान्यात असते. तिची इमारत लहान, मुलं लहान, आणि तिथल्या सेविकेचा आवाजही सरकारदरबारी लहानच. म्हणून उभारणीत तिचा नंबर उशिरा लागतो. माझं म्हणणं असं आहे की तो सगळ्यात आधी लागला पाहिजे, आणि त्यासाठी इमारतीची वाट पाहायची गरज नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगेचं पाणी शिरोळ, करवीर, पलूस, मिरज या भागातल्या गावांत शिरलं आणि कित्येक दिवस हललं नाही. असं पाणी उतरल्यावर अंगणवाडीचं दार उघडलं की आधी वास येतो: भिजून आंबलेल्या मटकीचा, गव्हाचा आणि गाळाचा. मुलांच्या उंचीला रंगवलेले अंक आणि फळं चिखलाने झाकलेली असतात, पाण्याची रेघ त्यांच्याही वर चढलेली असते. सतरंज्या वाया गेलेल्या. साल्टर काट्याची स्प्रिंग गंजलेली, आणि असा काटा पुसून पुन्हा वापरायला घेतला तर तो खोटं वजन दाखवतो. पण खरं नुकसान कोपऱ्यातल्या कपाटात असतं. तिथे रजिस्टरांचा लगदा झालेला असतो.

ही रजिस्टरं म्हणजे नुसती हजेरी नव्हे. अंगणवाडीत दर महिन्याला मुलाचं वजन होतं. एका महिन्याच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. तीन-चार महिने वजन वाढलं नाही किंवा उतरलं, तर मूल घसरतंय हे कळतं. नोंद गेली की घसरत चाललेलं मूलही नव्याने वजन केलेल्या मुलासारखंच दिसतं. घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड त्याच पुरात गेलेलं असतं, म्हणजे कोणती लस झाली आणि कोणती राहिली हेही आईच्या आठवणीवर. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर मोबाइलमधून नोंदी जातात, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरीही पूर उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाचा दंडघेर मोजणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचा उपाय आहे. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषित आहे, आणि त्याला थांबायला वेळ नाही. त्यासाठी लागते ती एक रंगीत पट्टी आणि ती वापरता येणारी बाई. इमारत लागत नाही.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, आरोग्य व पोषणाचं शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरजेप्रमाणे पुढच्या दवाखान्यात पाठवणं अशा सहा सेवा तिच्यात आहेत. या सहांपैकी एकही सेवा आपत्तीनंतर ‘नंतर बघू’ म्हणण्यासारखी नाही. उलट प्रत्येकीची गरज वाढते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळणं हा हक्क केला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं त्याचं माप त्या कायद्यात सुरुवातीला ठरवलं होतं. छप्पर उडालं म्हणून हा हक्क थांबत नाही. आहार देता आला नाही तर अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. हे छावणीतल्या किती आयांना माहीत असतं?

आपत्तीनंतर लहान मुलांसाठी मदत येते तेव्हा दुधाच्या भुकटीचे डबे हमखास येतात. देणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण २७ मे २००६ ला इंडोनेशियातल्या योग्यकार्ता भागात भूकंप झाला, त्यानंतर तिथे अशा डब्यांचं सरसकट वाटप झालं आणि त्याची पाहणीही झाली. दोन वर्षांखालच्या ज्या मुलांच्या घरी भुकटी पोचली होती, त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण न पोचलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. पाणी गढूळ, बाटली उकळायला जळण नाही, आणि डबा आला म्हणून अंगावरचं दूध कमी झालेलं. अशा वेळी बाळंतिणीजवळ बसून ‘अंगावरचं दूध तोडू नकोस’ असं सांगणारी, तिच्या ओळखीची बाई तिथे असावी लागते. आपल्या गावांत ते काम करणारी बाई आहे: अंगणवाडीताई.

आता आईकडे बघू. चिखल उपसायचा आहे, भिजलेलं धान्य वाळवायचं आहे, पंचनाम्यासाठी रांगेत उभं राहायचं आहे, बँकेत जायचं आहे, मिळेल ती मजुरी करायची आहे. दहा महिन्यांचं मूल कडेवर आणि तीन वर्षांचं पदराला, अशा स्थितीत यातलं काहीच धड होत नाही. मग ते मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे जातं आणि बहिणीची शाळा सुटते. ग्रामीण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने हे ओळखलं होतं: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं येत असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद त्यात केली होती. आपत्तीनंतर गाळ काढण्याची कामं निघतात तेव्हा ही सोय पहिल्या दिवसापासून हवी. ती दिसते फार थोड्या ठिकाणी.

हे सगळं महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जाडजूड दगडी भिंती आणि माळवदाखाली सुमारे आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला आणि ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. नव्या गावांना सरळ, रुंद रस्ते मिळाले, मोठे प्लॉट मिळाले, आणि गावं जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. या मांडणीवर पुढे अभ्यासकांनी टीका केली, ती मुख्यतः गल्ली, वाडा, शेजार तुटल्याबद्दल. मला त्यात आणखी एक गोष्ट मिळवावीशी वाटते. अडीच वर्षांच्या मुलाच्या पायांना झेपेल तेवढंच अंतर अंगणवाडीला परवडतं. जुन्या गावात आजी दारातून हाक मारायची आणि मूल अंगणवाडीतून ऐकायचं. नव्या पसरट गावात तीच अंगणवाडी एका टोकाला बांधली, तर दुसऱ्या टोकाची मुलं येत नाहीत, विशेषतः उन्हाळ्यात आणि पावसात. नकाशावर एकच चौकोन पुरेसा दिसतो. मुलाच्या पावलांनी मोजलं तर दोन लागतात.

त्याच भूकंपात भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. ते मोठं काम होतं आणि त्यातून अनेकांची आयुष्यं घडली. पण सहा वर्षांखालच्या मुलाला असं उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. ते आईपासून, आई नसेल तर आजीपासून तुटता कामा नये. त्याच्यासाठी जे काही करायचं ते त्याच्या गावातच करावं लागतं.

किल्लारीनंतरचा दुसरा अनुभव मला जास्त मोलाचा वाटतो. जी गावं हलवली नाहीत, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. अशा हजारावर गावांत प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावातल्याच बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. सरकारी योजना घराघरांत समजावून सांगायची, काम कसं चाललंय ते पाहायचं, अडचण वर पोचवायची, हे त्यांचं काम. मजबुतीकरण म्हणजे काय, भिंतीला पट्टा कुठे लागतो, हे त्या शिकल्या आणि गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. अंगणवाडीच्या उभारणीत हीच रीत हवी. ओटा किती उंच, संडासाची कडी मुलाच्या हाताला कुठे, चुलीची जागा मुलांच्या खोलीपासून किती लांब, हे ठेकेदाराला कधीच सुचणार नाही. सेविकेला आणि मदतनीस बाईला ते विचारायच्या आधीच माहीत असतं.

इमारतीच्या आधी माणूस उभं राहावं लागतं, याचा सगळ्यात कडू धडा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराने घेतला. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तिथे पाळणाघरं म्हणजे प्रामुख्याने छोटे खासगी व्यवसाय. एखादी बाई आणि तिच्या हाताखाली तीन-चार जणी. केंद्रीय आपत्ती यंत्रणेचा पुनर्बांधणीचा पैसा सरकारी आणि ना-नफा संस्थांनाच मिळू शकत होता. नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या पाळणाघराला उपलब्ध होतं ते कर्ज. मुलं गावात नाहीत, पालक कधी परततील ठाऊक नाही, अशा वेळी कर्ज काढून पाळणाघर कोण उघडणार? पालक परतत नव्हते, कारण मुलं ठेवायची सोय नव्हती. सोय होत नव्हती, कारण पालक परतले नव्हते. आणि सांभाळणाऱ्या बायांचे पगार इतके कमी की महागलेल्या भाड्यात त्यांना शहरात राहणंच परवडेना. दवाखाने, दुकानं, हॉटेलं सगळ्यांना माणसं हवी होती आणि मिळत नव्हती.

या अनुभवावर अमेरिकेत बराच खल झाला. मुलं आणि आपत्ती या विषयावर राष्ट्रीय आयोग नेमला गेला. २०१० च्या त्याच्या अहवालाने बालसंगोपन ही पाणी-विजेसारखी अत्यावश्यक सेवा धरावी असा आग्रह धरला. २०१४ मध्ये बालसंगोपनाच्या केंद्रीय अनुदानाचा कायदा सुधारला, तेव्हा प्रत्येक राज्याने पाळणाघरांसाठी आपत्ती आराखडा केलाच पाहिजे अशी अट त्यात आली. म्हणजे वादळानंतर नऊ वर्षांनी. एवढ्या काळात त्या वेळी जन्मलेलं मूल चौथीच्या उंबऱ्यावर पोचलेलं होतं.

आपल्याकडे अंगणवाडी सरकारची आहे, त्यामुळे ती बुडीत व्यवसाय म्हणून बंद पडत नाही. ही फार मोठी जमेची बाजू आहे. पण शहरांतलं आणि तालुक्याच्या गावांतलं चित्र वेगळं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. अशा गावांत घरातल्या एका खोलीत पाळणाघर चालवणाऱ्या बाईची नोंद बहुधा ना दुकान म्हणून असते ना शाळा म्हणून. तिच्या गाद्या, पाळणे, भांडी वाहून गेली तर ती कोणत्या रकान्यात लिहायची? तिच्याकडे मूल ठेवून नर्स दवाखान्यात जाते, शिक्षिका शाळेत जाते. तिची खोली बंद राहिली की त्या दोघीही घरी बसतात. नगरपालिकांनी अशा पाळणाघरांची साधी यादी जरी ठेवली, तरी पुराच्या वेळी तिचा उपयोग होईल.

सेविकाही पूरग्रस्तच असते, हे आपण विसरतो. तिच्या घरात गाळ असतो आणि ती दुसऱ्यांच्या घरांच्या याद्या करत फिरते, छावणीत आहार वाटते, गरोदर बायांची नावं लिहिते. तिला मिळतं ते मानधन. आपत्तीच्या महिन्यात ते वेळेवर हातात पडणं, तिला चार दिवस स्वतःचं घर आवरायला मिळणं आणि त्या दिवसांत शेजारच्या न बुडालेल्या गावातल्या सेविकेने तिच्या अंगणवाडीतली मुलं घेणं, ही उभारणीची पहिली पायरी आहे. प्रकल्प अधिकाऱ्याच्या पातळीवर आधी ठरवून ठेवलं तर हे सहज होतं. ऐन वेळी होत नाही.

मग छप्पर नसताना अंगणवाडी चालवायची कशी? याचं उत्तर आपल्याच मातीत ऐंशी वर्षं जुनं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यांवर नेली. कुणाचं तरी अंगण, झाडाची सावली, खेळायला शंख, शिंपले, बिया, पानं, माती. मुलांना आधी आंघोळ, केस विंचरणं, मग गाणी आणि गोष्टी. सगळं साहित्य आसपास मिळणारं. गरिबीवर शोधलेला हा उपाय आपत्तीलाही तंतोतंत लागू पडतो. मंगल कार्यालयातल्या छावणीत एक कोपरा दोरी बांधून वेगळा करावा, रोज त्याच वेळी तीच ताई तिथे बसावी, तीच गाणी व्हावीत. भेदरलेलं लहान मूल बोलून दाखवत नाही. ते पुन्हा अंथरुण ओलं करायला लागतं, अंगठा चोखतं, आईचा पदर सोडत नाही. त्याला ओळखीचा चेहरा आणि ठरलेली वेळ मिळाली की बहुतेक मुलं हळूहळू सावरतात. जे सावरत नाही, ते मूलही अशाच कोपऱ्यात लक्षात येतं आणि त्याला पुढची मदत देता येते.

पक्क्या इमारतीचा विचार त्यानंतर, आणि तो मात्र घाई न करता. अंगणवाडीसाठी साधारण ६०० चौरस फूट जागा धरतात: मुलांची खोली, वेगळं स्वयंपाकघर, कोठार, मुलांच्या मापाचा संडास. रोजगार हमीशी सांगड घालून अशा बांधकामाला १२ लाख रुपयांपर्यंतची तरतूद केलेली होती. आपत्ती निधीतून मिळणारी रक्कम दुरुस्तीपुरती असते, तीत नवी इमारत होत नाही. तेव्हा दोन्ही वाटा ग्रामपंचायतीने एकदमच धरायला हव्यात. भूकंपाच्या भारतीय मानकात शाळांसाठी साध्या घराच्या दीडपट जोर धरून आखणी करायला सांगितली आहे. चाळीस लहान मुलं बसतात त्या खोलीला याहून कमी धरू नये.

आजवर कित्येकदा नशिबाने वाचवलं आहे. किल्लारी पहाटे हादरली, तेव्हा अंगणवाड्या रिकाम्या होत्या. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भरदुपारी भूकंप झाला आणि हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण तो शनिवार होता, तिथला सुट्टीचा वार. कामाचा वार असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

जागेबद्दल तर हट्टच धरावा. गावातली सुपीक, मोक्याची जागा अंगणवाडीला कोणी देत नाही. ओढ्याकाठचा तुकडा, उतार, नाहीतर भराव मिळतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. नवं माळीण २०१७ मध्ये उभं राहिलं आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात जमीन खचल्याच्या तक्रारी आल्या. इतक्या काळजीने वसवलेल्या गावातही जर असं होऊ शकतं, तर फुकट मिळालेल्या तुकड्यावर भूवैज्ञानिकाचं मत घेतल्याशिवाय पाया खणू नये.

जपानमध्ये बालसंगोपन केंद्रांनी महिन्यातून किमान एकदा बाहेर पडण्याचा सराव केलाच पाहिजे असा नियम आहे. इवाते प्रांतातल्या नोदा गावचं केंद्र समुद्राजवळ होतं. तिथल्या शिक्षिका सरावाच्या वेळी शेतांमधून जाणारी जवळची वाट शोधून ठेवत, लहानग्यांना कुणी ढकलगाडीत घ्यायचं, कुणी पाठीवर, हे ठरवून ठेवत. ११ मार्च २०११ ला त्सुनामीने ते केंद्र पुसून टाकलं, आणि तिथली नव्वदच्या आसपास मुलं सगळी वाचली. नवं केंद्र त्यांनी उंचावर बांधलं. महिन्याला एक सराव, याला पैसे लागत नाहीत.

उभारणीचं काम सुरू झालं की गावात बाहेरचे मजूर येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही येतात. वाळूच्या ढिगावर, सळयांच्या शेजारी ती दिवस काढतात. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत अशाच एका बांधकामावर ‘मोबाइल क्रेशेस’चं पहिलं पाळणाघर सुरू केलं, पुढे मुंबई-पुण्यातही ते काम रुजलं. ५० हून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर द्यायची सक्ती १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने केली होती. खेड्यातल्या छोट्या ठेक्यांवर इतक्या बाया नसतात, म्हणून ती सोय तिथे पोचत नाही. अशा वेळी गावच्या अंगणवाडीने या मुलांना घ्यावं. पत्ता परगावचा असला तरी भूक इथलीच आहे.

तुमच्या गावची ग्रामसभा १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला, २६ जानेवारीला किंवा १ मेला भरेल. तिथे उठून चार गोष्टी विचारा. आपली अंगणवाडी पूररेषेच्या आत आहे का? ती बुडाली किंवा पडली, तर दुसऱ्या दिवशी मुलं कुठे बसणार, ते घर किंवा मंदिराचा मंडप ठरला आहे का? नोंदींची एक प्रत गावाबाहेर सुरक्षित आहे का? आणि गावच्या आपत्ती आराखड्यात अंगणवाडीताईचं नाव आणि फोन नंबर आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याच सभेत ठराव करून घ्या.